चित्रकथांतील पशू आणि अतिमानुष शक्ती

चित्रकथांतील पशू आणि अतिमानुष शक्ती : भूत, पिशाच, राक्षस, यक्ष, नाग, देवता इ. अदृश्य वा मानवेतर शक्तींशी ज्या कथांत पशूंची गाठ पडते आणि ज्या कथा मुख्यतः चित्रांच्या मालिकेतून सांगितल्या जातात, त्यांच्या महाराष्ट्रातील परंपरेचा विचार येथे केला आहे. नीतिकथांतील पशू माणसासारखे बोलतात व वागतात. परंतु त्यांचे जग बहुधा लौकिकच असते. कोल्हा कावळ्याला फसवितो, ससा सिंहाला विहिरीत पाडतो, यात अद्भुत काही असलेच, तर ते पशूंचे बोलणे एवढेच. अतिमानुषाशी सामना होतो, तेव्हा मात्र पशूची भूमिका बदलते. माणसाला जे दिसत नाही ते त्याला दिसते, आणि माणसाने टाळलेला धोका पुष्कळदा तोच पत्करतो. हे पाहण्याचे व पत्करण्याचे काम त्याच्याकडे कोणी सोपविले आणि त्याची किंमत कोणी दिली, हा या कथांतील खरा प्रश्न होय.

छापील चित्रपुस्तिकेच्या रूपातील या विषयाचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. लेखक एव्हन डॉर्किन व चित्रकर्ती जिल टॉम्पसन यांची ‘बीस्ट्स ऑफ बर्डन’ ही मालिका २००३ मध्ये ‘डार्क हॉर्स’ या प्रकाशनसंस्थेच्या एका भयकथासंग्रहातील छोट्या कथेपासून सुरू झाली. बर्डन हिल नावाच्या कल्पित वस्तीतील काही पाळीव कुत्री व एक मांजर तेथे उद्भवणाऱ्या भुतांशी, चेटकिणींशी आणि मेलेल्या जनावरांच्या पिशाचांशी झुंजतात. वस्तीतील माणसांना याची दाद नसते. मालिकेतील ‘अनफॅमिलिअर’ या कथेला २००५ मध्ये आइस्नर पारितोषिक मिळाले. मालिकेचे नाव श्लेषात्मक आहे. त्या इंग्रजी शब्दप्रयोगाचा मूळ अर्थ ओझी वाहणारी जनावरे असा असला, तरी कथेत बैल, घोडा वा गाढव मुख्य पात्र नाही. आहेत ती घराच्या अंगणात राहणारी जनावरे. औताच्या व ओझ्याच्या जनावरांवर ज्या प्रदेशाचे जीवन शतकानुशतके अवलंबून होते, तेथे हीच कल्पना कोणत्या रूपात वावरली, हे पाहू लागल्यास मराठवाड्याकडे वळावे लागते. येथे तिची एकसंध अशी मालिका झाली नाही. ती लेण्यांची भिंत, चित्रकथीची पोथी, कातड्याची बाहुली, देवघरातील टाक आणि अखेरीस छापील पुस्तिका यांत विखुरली आहे.

यांतील सर्वांत जुना व सर्वांत समृद्ध साठा अजिंठ्याचा (छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद जिल्हा). वाघोरा नदीच्या वळणावरील या लेण्यांतील भिंतींवर जातककथा व अवदानकथा रंगविल्या आहेत. पूर्वजन्मी बुद्ध हत्ती, वानर, हंस, मृग, महिष, नाग अशा अनेक योनींत जन्मला, अशी श्रद्धा असल्यामुळे या कथांतील पशू हा केवळ पशू नसतो. तो बोधिसत्त्व असतो. म्हणजे येथे अतिमानुष शक्ती पशूच्या बाहेर जशी आहे, तशीच ती त्याच्या आतही आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात इ. स. पू. काळातील जी चित्रे उरली आहेत, त्यांत षड्दंत जातकाचा समावेश होतो. हीच कथा सुमारे पाच-सहा शतकांनी, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, सतराव्या लेण्यात पुन्हा चितारली गेली. सहा सुळ्यांच्या गजराजाला दोन राण्या होत्या. धाकटीच्या मनात मत्सर शिरला; ती मेली आणि काशीच्या राजाची राणी म्हणून जन्मास आली. पूर्वजन्मीचा राग तिने या जन्मी उगवून घेतला व हत्तीचे सुळे आणण्यासाठी व्याध धाडला. खड्ड्यात दडलेल्या व्याधाने विषारी बाण सोडला. परंतु त्याच्या अंगावरील भगवे वस्त्र पाहून जखमी हत्तीने त्याला मारले नाही. उलट त्याला सुळे कापता येईनात, तेव्हा करवत सोंडेत धरून हत्तीने ते स्वतःच कापून दिले. दहाव्या लेण्यातील चित्रकाराने कमळांच्या सरोवरात क्रीडा करणाऱ्या हत्तींचा कळप मोठ्या आत्मीयतेने रंगविला आहे, आणि सुळे समोर येताच मूर्च्छित होणारी राणीही. या कथेत भूत नाही. पण मेलेल्या माणसाचे वैर परत येऊन निरपराध प्राण्याला गाठते, ही भयकथेची मूळ कल्पना तीत पूर्णत्वाने आलेली आहे. इतक्या प्राचीन काळी ती हत्तीच्या बाजूने सांगितली गेली, हे लक्षणीय होय.

सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवरील सिंहल अवदान हे तर राक्षसींच्या बेटाचे विस्तृत चित्रण आहे. जहाज फुटून बेटावर आलेल्या व्यापाऱ्यांचे सुंदर स्त्रिया स्वागत करतात. त्या राक्षसी असून पुढे आपल्याला खाणार आहेत, हे त्यांचा नायक सिंहल याला कळते. सुटकेचा मार्ग एकच असतो : आकाशातून जाणारा बलाह नावाचा शुभ्र अश्व. मागे वळून न पाहण्याच्या अटीवर तो व्यापाऱ्यांना पाठीवर घेतो. ज्यांना मोह आवरत नाही, ते परत राक्षसींच्या तावडीत सापडतात. कथा येथे संपत नाही. एक राक्षसी सिंहलाच्या पाठोपाठ त्याच्या नगरीत येते, राजा तिच्यावर भाळतो आणि एका रात्रीत राजवाडा ओस पडतो. पुढे सिंहल स्वतः राजा होऊन सैन्यानिशी बेटावर स्वारी करतो. चित्रकाराने त्याच स्त्रिया एके ठिकाणी लावण्यवती, तर दुसरीकडे रक्तपिपासू हडळी अशा दोन्ही रूपांत दाखविल्या आहेत. माणसे फसतात, राजाही फसतो; फसत नाही तो फक्त घोडा. राक्षसीचे खरे रूप ओळखण्याचे व तिच्यापासून माणसाला सोडविण्याचे काम येथे पशूकडे आहे.

याच लेण्यातील महाकपी जातकात वानरराज स्वतःच्या शरीराचा पूल करून आपल्या कळपाला नदीपार नेतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. पहिल्या लेण्यातील चांपेय जातकात नागराज गारुड्याच्या हाती सापडून राजसभेत खेळ करू लागतो. सामर्थ्य असूनही तो व्रतामुळे प्रतिकार करीत नाही. शिबी राजाच्या कथेत कबुतराचा पाठलाग करणारा ससाणा हा वेष पालटलेला देवच असतो, आणि परीक्षा राजाची होते. देवाने पशूचे रूप घेणे आणि पशूच्या ठिकाणी देवत्व असणे, या दोहोंतील सीमारेषा हे चित्रकार फारशी कसोशीने पाळीत नाहीत.

मांडणीच्या दृष्टीने ही चित्रे आधुनिक चित्रपुस्तिकेपेक्षा पूर्णपणे भिन्न आहेत. त्यांत चौकटी नाहीत. प्रसंगांचा क्रम पुष्कळदा काळानुसार नसून स्थळानुसार असतो. राजवाड्यात घडलेले प्रसंग, मग ते कथेच्या आरंभीचे असोत वा शेवटचे, एकत्र येतात. अरण्यातील प्रसंग दुसरीकडे. एकच हत्ती त्याच दृश्यात तीन-चार वेळा दिसतो आणि प्रेक्षकाने तो एकच आहे हे ओळखावयाचे असते. जर्मन संशोधक डीटर श्लिंगलोफ यांनी या मांडणीचा तपशीलवार उलगडा करून अनेक चित्रांच्या कथा निश्चित केल्या. ही चित्रे अंधाऱ्या दालनात दिव्याच्या उजेडात, कथा माणसाच्या तोंडून ऐकत पाहिली जात असावीत, असे मानण्यास त्यांची ही रचनाच आधार देते. सांगणारा नसेल, तर त्या भिंतीवर केवळ गर्दी दिसते.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या सैन्यातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला, आणि त्यानंतर या चित्रांच्या नकलांचा इतिहास सुरू झाला. तो दुर्दैवी आहे. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून सुमारे दोन दशके खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानाने पुराणवस्तुसंशोधन खाते काढले, इटालियन तज्ञांकडून भिंतींची डागडुजी करविली आणि गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरील चित्रसंपुट १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. षड्दंत हत्ती व बलाह अश्व सामान्य वाचकाच्या हाती पोहोचण्यास अशा रीतीने सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. तोवर मूळ रंग पुष्कळ ठिकाणी गळून पडले होते.

याच हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यात, देवणी हे गाव होते. राज्यपुनर्रचनेनंतर हा भाग उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात आला, १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि पुढे देवणी हा स्वतंत्र तालुका बनला. मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांच्या सीमेवरील हा टापू आहे. येथून दक्षिणेस फार दूर नसलेले कल्याणी (आताचे बसवकल्याण) ही उत्तर चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो. चित्रकथीच्या परंपरेचा शोध घेताना अभ्यासक प्रायः या उल्लेखापासूनच आरंभ करतात. म्हणजे भिंतीवरचे चित्र सोडून हाती धरता येईल अशा चित्रावर कथा सांगण्याची कला देवणीच्या परिसराला आठ-नऊशे वर्षांपूर्वी अपरिचित नसावी.

या कलेचे उपलब्ध नमुने मात्र बरेच नंतरचे, मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. त्यांपैकी पैठण परिसरातून मिळालेली चित्रे ‘पैठण चित्रे’ या नावाने ओळखली जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने सावंतवाडीच्या राजांच्या आश्रयाने जोपासलेली चित्रे याच कुळातली. एका आख्यानाच्या चित्रांच्या जुडग्याला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र मांडीवर वा फळीला टेकवून उभे धरतो आणि वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीने आख्यान लावतो. रामायण-महाभारतातील प्रसंग हे यांचे मुख्य विषय. त्यामुळे या चित्रांत राक्षसांशी लढणारे पशू हे वानर, अस्वल व गिधाड आहेत : हनुमान, सुग्रीव, अंगद, जांबवान आणि जटायू. अजिंठ्याचा हत्ती सहन करतो. पैठणचा वानर प्रहार करतो. मोठे डोळे, एका बाजूने दाखविलेले चेहरे, ठळक बाह्यरेषा आणि लाल-पिवळ्या रंगांचा भडकपणा यांमुळे राक्षस भयंकर दिसतो, पण त्याबरोबरच थोडा हास्यकारकही. रात्री दिव्यापुढे बसलेल्या बालप्रेक्षकांना भीतीही वाटावी आणि ती फार वाटू नये, असा हा तोल आहे. आजच्या चित्रपुस्तिकांच्या चित्रकारांना तो क्वचितच साधतो.

चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ हा या कलेचा जवळचा नातलग होय. आंध्र, तेलंगण, कर्नाटक व तमिळनाडू येथे हा खेळ करणारी कित्येक कुटुंबे घरात मराठीचीच एक बोली बोलतात आणि प्रेक्षकांपुढे तेलुगू, कन्नड वा तमिळ. उलट महाराष्ट्रात नंदीबैल घेऊन फिरणारे तिरमल नंदीवाले घरात तेलुगू मिश्रित बोली बोलतात. देवणीसारख्या सीमाप्रदेशातून अशा कथांची व कथेकऱ्यांची दोन्ही दिशांना ये-जा होत राहिली. नंदीवाल्याचा बैल पडणाऱ्या पावसाविषयी विचारलेल्या प्रश्नाला मान हलवून उत्तर देतो. ही अर्थात शिकवण आहे, हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी प्रश्न विचारला जातोच. माणसाला न कळणारे पशूला कळते ही समजूत किती खोल रुजली आहे, याची ही खूण. रात्री कुत्रे रडू लागले, की त्याला यमदूत दिसला असे म्हणण्याची रीत महाराष्ट्रभर आहे, आणि ऋग्वेदातही यमाचे दोन चार डोळ्यांचे कुत्रे परलोकाच्या वाटेवर राखण करतात.

मराठवाड्यातील पशू व अतिमानुष यांच्या संघर्षाचे सर्वाधिक घरांत पोहोचलेले चित्र पोथीत नसून देवघरात आहे. ते म्हणजे खंडोबाचा टाक. घोड्यावर आरूढ झालेला खंडोबा, सोबत म्हाळसा, घोड्याच्या पायांखाली मणी व मल्ल हे दैत्य आणि दैत्याचा लचका तोडणारा कुत्रा, एवढा सगळा प्रसंग तळहाताहून लहान पत्र्यावर ठोकलेला असतो. पुढे रंगीत शिळाछापाची चित्रे निघाली, तेव्हा हाच प्रसंग भिंतीवर आला. दैत्याशी प्रत्यक्ष दात लावून लढणारा पशू मराठी लोकचित्रात आहे तो हा. देवाच्या हाती खड्ग आहे. कुत्र्याजवळ फक्त तोंड. खंडोबाचे उपासक वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवितात आणि काही ठिकाणी कोटंब्यातील प्रसाद कुत्र्यांप्रमाणे भुंकत, जमिनीवर वाकून खाण्याचा विधी करीत. एरवी कुत्रा हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या समाजात हे स्थान त्याला दैत्याशी लढल्यामुळे मिळाले. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा ही मुळात पशुपालकांची दैवते होत, हे जर्मन अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे.

देवणीच्या उत्तरेस नांदेड जिल्ह्यातील माळेगाव (ता. लोहा) येथे मार्गशीर्षात भरणारी खंडोबाची यात्रा हा जनावरांचा मोठा बाजार असतो. घोडे, गाढवे, उंट, बैल यांची तेथे खरेदी-विक्री होते. लढणाऱ्या घोड्याचा व कुत्र्याचा देव आणि जनावरांचा व्यवहार यांची ही सांगड सहज जमून आलेली आहे. या भागातील बैल देवणी जातीचा. गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या संकरातून ही जात घडली, असे मानतात. तिला डोंगरपट्टी असेही नाव आहे. तिचे तीन प्रकार सांगतात : चेहरा काळा व अंग पांढरे असलेला वान्नेरा, सर्वांगाने पांढरा बालंक्या आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा. औताला बळकट आणि दुधालाही बरी, अशी ही दुहेरी उपयोगाची जात आहे.

पिठोरी अमावास्येच्या पोळ्याला या बैलाची खांदेमळणी होते; झूल, बाशिंग व घुंगुरमाळा घालून त्याला गावच्या मारुतीला नेतात. हा मारुती वेशीवर असतो, तो भुताखेतांना गावात येऊ न देण्यासाठी. वर्षातून एकदा ओझ्याचे जनावर वानररूपी रक्षकापुढे उभे राहते. या भेटीमागे केवळ कृतज्ञता नाही, भीतीही आहे, आणि ती निराधार नव्हती. बुळकांडीची साथ आली, की थोड्या दिवसांत गोठेच्या गोठे रिकामे होत. कारण दिसत नसे. म्हणून ते अदृश्य शक्तीचे मानले जाई. शेतातल्या म्हसोबाला शेंदूर लागे, मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडला जाई, आणि पुष्कळदा त्याबरोबर रोगही शेजारच्या शिवारात पोहोचे. या रोगाच्या संशोधनासाठी पुण्यात १८८९ मध्ये शासकीय जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० नंतरच्या दशकात शेळीच्या शरीरात दुर्बल केलेल्या विषाणूपासून लस तयार केली. १९५४ पासून देशव्यापी लसीकरण हाती घेण्यात आले. भारत २००६ मध्ये या रोगापासून पूर्ण मुक्त ठरला, तर २०११ मध्ये तो जगातून नाहीसा झाल्याचे घोषित करण्यात आले. माणसाच्या देवीनंतर समूळ उच्छेद झालेला हा दुसरा रोग होय. जनावराने प्रत्यक्ष सोसलेल्या या अदृश्य शत्रूची कथा चित्रकथेच्या दृष्टीने अत्यंत अनुकूल असूनही मराठीत तिच्याकडे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. दैत्याला शिंगे व दात काढता येतात, विषाणूला काय काढावे ही अडचण खरी. पण मरीआईचा गाडा तर चितारता आला असता.

छापील पुस्तकांत पशुकथा आधी आल्या, चित्रे मागाहून. सिंहासनबत्तिशी व हितोपदेश यांची वैजनाथ शर्मा यांनी केलेली मराठी भाषांतरे १८१४-१५ च्या सुमारास श्रीरामपूर येथे छापली गेली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसापनीतीने १८२८ मध्ये शालेय वाचनात पशूंना कायमचे स्थान दिले. त्या काळच्या शिक्षणविषयक दृष्टीला अद्भुतापेक्षा नीती जवळची होती. भुते-राक्षस हे अज्ञानाचे लक्षण, तर बोलका कोल्हा हे उपदेशाचे साधन, असा भेद पडला. त्यामुळे पशू शाळेत गेला आणि पिशाच घरी, आजीच्या गोष्टीत राहिले. या दोघांची छापील पानावर पुन्हा भेट घडवून आणली ती मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ने. १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ या भाषांतून सुरू झालेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने १९५२ पासून निघू लागली. त्यातील विक्रम-वेताळाच्या कथामालेला शंकर या चित्रकाराने दिलेले चित्र, खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला तलवारधारी राजा, दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात आहे. मात्र ‘चांदोबा’ हे सचित्र मासिक होते; चौकटींतून कथा पुढे नेणारी चित्रपुस्तिका नव्हे.

ते काम ‘अमर चित्र कथा’ने केले. अनंत पै (१९२९–२०११) यांच्या संपादनाखाली मुंबईच्या इंडिया बुक हाउसने १९६७ मध्ये ही माला सुरू केली; पुढे तिच्या मराठीसह अनेक भाषांत आवृत्त्या निघाल्या. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम इ. चित्रकारांनी तिला रूप दिले. पुराणे व इतिहास यांबरोबर पंचतंत्र आणि जातककथांवरही तिच्यात पुस्तिका निघाल्या. त्यामुळे अजिंठ्याच्या भिंतीवरील काही कथांचे कुळ पुन्हा चित्ररूपात, पण आता बत्तीस पानांत व चौकटींच्या क्रमात, मुलांच्या हाती आले. क्रम आल्यामुळे सांगणाऱ्याची गरज उरली नाही. ही सोय मोठी. तिच्यापायी गेलेली गोष्टही लहान नाही. षड्दंताच्या सरोवरात डोळा भटकत राहतो. चौकटीत तो पुढे ढकलला जातो. शिवाय पशूचे बोलणे फुग्यात लिहिले जाऊ लागल्याने त्याचे मौन संपले, आणि मौनाबरोबर त्याच्या ठिकाणचे गूढही बरेच ओसरले.

तथापि या मालेतील नंदिविशालाची पुस्तिका देवणीच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने वासरापासून वाढविलेला नंदिविशाल हा बैल म्हणजे पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व. धन्याचे ऋण फेडण्यासाठी तो स्वतःच सुचवितो, की शंभर भरलेल्या गाड्या एकट्याने ओढण्याची पैज लावावी. ऐन वेळी धनी त्याला ‘लबाडा’ म्हणून हाकारतो. बैल जागचा हलत नाही आणि धनी पैज हरतो. घरी बैल त्याला विचारतो, आजवर मी तुझे कधी भांडे फोडले का, मग हा शब्द का? दुसऱ्या वेळी दुप्पट पैज लागते, गोड शब्दांनी हाक दिली जाते आणि गाड्यांची रांग हलते. ओझ्याच्या जनावराला केंद्रस्थानी ठेवणारी यापेक्षा नेमकी कथा दुसरीकडे क्वचितच मिळेल. येथे राक्षस नाही. बैलाच्या आड येतो तो माणसाचा अपशब्द.

चित्रकथीची मूळ कला या काळात झपाट्याने मागे पडली. पोथ्या संग्रहालयांत गेल्या, काही जुन्या बाजारात विकल्या गेल्या. ज्या राहिल्या, त्यांतील काहींची आख्याने लावणारे कथेकरी उरले नाहीत, आणि आख्यानावाचून सुट्या चित्रातला वानर नेमका कोणत्या राक्षसाशी लढतो आहे, हे ओळखणे तज्ञांनाही जड जाते. पिंगुळी येथे परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी, कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ टिकवून धरले. त्यासाठी त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. वडिलोपार्जित चित्रे व बाहुल्या लोकांना पाहता याव्यात म्हणून त्यांनी जे संग्रहालय उभे केले, त्याच्यासाठी जागा काढली ती घरच्या गुरांच्या गोठ्यात.